जमिनीवर न सांगायची खूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, माझी पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशकांना तर नाहीच नाही. एकदोनदा सांगायला बसले होते — पण समोरचा चहा गार झाला आणि मी पावसापाण्याचं काहीतरी बोलून उठले. आज उठायचं नाही असं ठरवलंय. बघू, जमतंय का.

तुम्ही मला ओळखत असाल कदाचित. नाव आठवणार नाही, पण सहावी-सातवीत असताना शाळेच्या पेटीतून एक फाटक्या पुठ्ठ्याचं पुस्तक हाती आलं असेल — ‘काळ्या खडपाचं गुपित’. तेरा वर्षांचा शिरपा, डोळ्यांनी अधू झालेला त्याचा बाप, आणि त्या दोघांनाच ठाऊक असलेली समुद्रातली जागा. आठवलं? ते माझं. त्यानंतर मी कुमारवयाच्या मुलांसाठी पुष्कळ लिहिलं, पण लोक अजून त्या एकाच पुस्तकाचं नाव घेतात. व्यासपीठावर ओळख करून देणारे मला ‘समुद्राची लेखिका’ म्हणतात. मी मान खाली घालून हसते, आणि लोकांना वाटतं, बाई किती विनयशील आहेत.

खरं सांगू? मी आयुष्यात एकदाच होडीत बसले, तेही खाडीत, आणि ओकून ओकून अर्धमेली झाले. समुद्र मला सोसत नाही. पालघरजवळच्या गावी आमची वाडी होती — केळी, सुपारी, पानवेली. घरापासून लाटांचा आवाज ऐकू यायचा, पण समुद्राकडे जायची आम्हाला गरज पडत नसे. मासळी दारात यायची. तेव्हा माझं सगळं समुद्रलेखन म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही हो. एवढीच असती तर मी ती भाषणात विनोद म्हणून कधीच सांगून टाकली असती.

मग कुठून सुरू करू? शाळेपासून करते.

साठीच्या दशकातली पहिली वर्षं. तारापूरला अणुवीज केंद्र येणार अशी नुसती बोलवा होती, काम सुरू व्हायचं होतं. बोईसर म्हणजे स्टेशन, चार दुकानं आणि धूळ. ट्रेनिंग संपवून मी नवी कोरी मास्तरीण झाले, आणि पहिलीच नेमणूक घिवलीच्या बाजूच्या एका वाडीतल्या सातवीपर्यंतच्या शाळेत झाली. वाडीचं नाव सांगत नाही. पूर्वी मी नावं, जागा, सगळं सांगून मोकळी व्हायचे. आता एवढं तरी शिकले आहे. वस्ती मांगेल्यांची, मासेमारी करणाऱ्यांची. मी राहायचे एका बागायतदाराच्या घरात, मागच्या खोलीत, आणि सगळ्या मोकळ्या वेळात गोष्टी लिहायचे.

कसल्या गोष्टी? मुंबईतली चलाख मुलं चोर पकडतात, तळघर सापडतं, इन्स्पेक्टर शाबासकी देतात. मी मुंबई पाहिली होती तीनदा. गोष्टी मासिकांकडे पाठवायच्या आणि त्या ‘साभार परत’ यायच्या. एकदा मात्र एका संपादकांनी परत पाठवताना दोन ओळी लिहिल्या होत्या — तुमच्या गोष्टीतल्या मुलांना घाम येत नाही. तुम्ही समुद्राकाठी राहता ना? मग तिथल्या मुलांचं लिहा. मी आधी रागावले, मग आठवडाभर रुसले, आणि मग लिहायला बसले. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? होडीला पुढचं-मागचं असतं एवढंच मला माहीत.

आणि सहावीच्या वर्गात, खिडकीशी, मथी बसायची.

मथुरा तिचं नाव, पण तिला मथुरा म्हणणारी मी एकटीच. वर्गात सगळ्यांत मोठी, तेरा वर्षांची. आठवड्यातून दोन-तीन दिवस उशिरा यायची — केस मिठाने राठ, डोळ्यांत झोप. आधी मी तिला बाकावर उभं केलं, मग पट्टी दाखवली. शेवटी एका मधल्या सुट्टीत तिने कारण सांगितलं. तिच्या बापाला, धर्मा तांडेलांना, डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते घराबाहेर निघून जात. गळाला मासा लागला की बोटांना कळायचं, वारा गालाला कळायचा, शीड ते डोळे मिटूनही सोडत. पण किनारा दिसायचा नाही. मुलगा नव्हता. म्हणून पहाटे ते मथीला होडीत घेत. बाईमाणसाने होडीत चढायचं नाही अशी रीत, तरी घेत. वाडी हसायची, पण तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा, मान मोठा, त्यामुळे तोंडावर कुणी बोलत नसे.

किनारा कशाला दिसायला हवा, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं. ते सांगते, कारण सगळं त्यावरच उभं आहे. पाण्याखाली कुठेतरी खडक असतो, त्याला खडप म्हणतात. तिथे घोळ आणि वाम असले मोठे मासे असतात. वरून सगळं पाणी सारखंच. मग जागा सापडायची कशी? तर किनाऱ्यावरची जवळची एक वस्तू आणि तिच्या मागची लांबची एक वस्तू बरोबर एकापाठी एक आली की एक रेघ मिळते. तशीच दुसऱ्या बाजूला दुसरी जोडी. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या की नांगर टाकायचा. याला खुणा म्हणतात. प्रत्येक घराच्या खुणा वेगळ्या, आणि त्या बाप मुलाला देतो — भर समुद्रात, होडीत बसून. जमिनीवर त्या कधी उच्चारायच्या नाहीत. बायकोपुढे नाहीत, देवापुढे नाहीत. धर्मा तांडेलांचं खडप त्यांच्या आजोबांनी शोधलेलं, आणि आता त्या खुणा पाहणारे डोळे होते मथीचे.

मी तिला शाळा सुटल्यावर थांबवू लागले. लिहिलेली पानं वाचून दाखवायचे आणि ती हसायची. ‘बाई, होडी अशी नाय वळत.’ मग ती बाकावर बसून हाताने शीड ओढून दाखवायची. पाणी कधी हिरवं दिसतं, कधी मातकट; गळाला वाम लागली की दोरी कशी ओढते; भीती वाटली की बाप काय गुणगुणतो — हे सगळं तिचं. मी नुसती लिहून घेत होते. तीन महिन्यांत माझ्या गोष्टीतल्या मुलांना घाम येऊ लागला, आणि संपादकांनी तिचं पुस्तकच काढायचं ठरवलं. हो, आणि गोष्टीतली मुलगी मी मुलगा करून टाकली, कारण मुलीची साहसकथा मुलगे वाचत नाहीत असं संपादकांचं मत पडलं. मथीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चालेल, मी तरी कुठं मुलगी म्हणून जाते. मला ते ऐकून फार बरं वाटलं. सुटल्यासारखं.

पुढे गाडी अडली. शिरपा एकटा खडप शोधतो, तो प्रसंग. मी लिहिलं होतं — त्याने किनाऱ्याकडे पाहिलं आणि त्याला जागा ओळखू आली. मथीने विचारलं, कशावरून ओळखू आली? मी म्हटलं, तूच सांग. ती दप्तर उचलून निघाली. मी पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. लाडीगोडी लावली, चिडवलं, थोडं रुसून दाखवलं. मला मुलांकडून हवं ते काढून घेता येतं, त्याचाच तर आम्हाला पगार मिळतो. आणि मग मी म्हटलं — सातवी झाली की तुला पालघरच्या हायस्कुलात घालू, माझ्या मामाकडे राहशील, मी तुझ्या बाबांशी बोलते. हे लाच म्हणून म्हटलं का? तेव्हा तसं वाटलं नव्हतं. पण नेमकं त्याच आठवड्यात कसं सुचलं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी ती कबूल झाली. म्हणाली, जमिनीवर नाही सांगणार. शाळा सुटल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, माणूस नव्हतं. ती सरळ पाण्यात शिरली, गुडघ्यांवर पाणी येईपर्यंत, आणि मागे वळून मला हात केला. मी चपला काढल्या, पातळ वर धरलं आणि तिच्यामागे गेले. माझ्या पायाखालची वाळू सरकत होती आणि मी तिचा खांदा धरला होता.

‘आता बोलते. आता आपुन पाण्यात हाय,’ ती म्हणाली.

आणि तिने खुणा सांगितल्या. दोन्ही जोड्या. बोटाने दाखवल्या. त्यातली एक तर रोज मी येता-जाता बघत असे, ती कुणाचं तरी पोट भरतेय हे मला माहीत नव्हतं. मी इथे त्या लिहिणार नाही. लगेच लिहून घ्यायला माझा हात शिवशिवत होता, पण वही किनाऱ्यावर होती.

मग ती म्हणाली, ‘पुस्तकात दुसऱ्या लिवा, बाई. ह्या खुना नको.’

मी हो म्हटलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिने वाकून ओंजळभर पाणी घेतलं, माझ्या हातावर ओतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. ती दोनदा म्हणाली, हे मला पक्कं आठवतं. मी शपथ घेतली. हसत घेतली, पण घेतली. तो हात मी पदराला पुसला.

शपथ मी मोडणार नव्हते. खरंच. पहिल्या खर्ड्यात मी खोट्या खुणा लिहिल्या — एक देऊळ, एक वड, एक टेकडी. आणि प्रसंग मेला. तुम्ही लिहीत असाल तर तुम्हाला कळेल. लिहीत नसाल तर नुसतं ऐका. खऱ्या खुणांमध्ये एक गंमत होती. एक जोडी अशी होती की ती जुळताना क्षणभर दिसायची आणि लाट आली की मोडायची. ते मला रचून जमेना. मी चार प्रकारे लिहून पाहिलं. मग प्रत छापखान्याकडे पाठवायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, स्वच्छ उन्हात, डोकं थंड ठेवून मी त्या चार ओळी खोडल्या आणि मथीच्या घातल्या. जशाच्या तशा.

तेव्हा मनात काय आलं, ते सांगायलाच तर बसले आहे. ते हे — पुस्तक वाचणार पुण्या-मुंबईची मुलं, त्यांना काय कळतंय. मांगेल्यांच्या घरात पुस्तक कोण वाचतं?

रोज सकाळी फळ्यापुढे उभी राहून त्यांच्याच मुलांना मी वाचायला शिकवत होते. आणि ती वाचतील असं मला वाटलं नव्हतं.

पुस्तक आलं ऐन पावसाळ्यात. होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी झाकून ठेवलेल्या. मी माझ्या हाताने एक प्रत शाळेच्या पेटीत ठेवली, आत सही करून — ‘माझ्या मुलांना’. मथीला वेगळी प्रत दिली. उघडायच्या आधी ती कितीतरी वेळ प्रत हुंगत बसली होती. तिने तो प्रसंग कधी वाचला, मला ठाऊक नाही. एवढं आठवतं की श्रावणात ती शाळा सुटल्यावर थांबेनाशी झाली. मी म्हटलं, घरी काम असेल.

पेटीतली प्रत मात्र घरोघर फिरत होती. पावसात बाप्यांना काम काय? जाळी विणायची, दोऱ्या वळायच्या. मुलं शेजारी बसून मोठ्याने वाचायची. एक सहावीतला मुलगा मला मोठ्या अभिमानाने सांगत आला की बाबांनी जाळ्यातली सुई थांबवली आणि एकच पान त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं. कुठलं पान, हे मी विचारलं नाही. मला केवढा आनंद झाला होता! मी संपादकांना पत्र लिहिलं — इथले दर्यावर्दी माझं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून घेतात. ते पत्र त्यांनी मासिकात छापलं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या. धर्मा तांडेल आणि मथी खडपावर पोहोचले तेव्हा तिथे आधीच दोन होड्या उभ्या होत्या. आपल्याच वाडीतल्या. पुढच्या आठवड्यात पाच झाल्या. त्यांना मी दोष देऊ? त्यांनी काही चोरलं नव्हतं, बाईंनी पुस्तकात लिहिलं होतं. एवढंसं खडप, त्यावर एवढे गळ. दिवाळीपर्यंत तिथे घोळीचं नाव राहिलं नाही.

याच दिवसांत पुस्तकाला बक्षीस जाहीर झालं. पालघरला सत्कार ठरला, हेडमास्तर रोज कुणा ना कुणाला बातमी दाखवत होते. आणि एका दुपारी धर्मा तांडेल शाळेत आले. ऑफिसच्या दारात उभे राहिले, मथीच्या खांद्यावर हात ठेवून. मी आणि हेडमास्तर आत बोलत बसलो होतो. मला वाटलं ओरडतील. त्यांनी आधी हेडमास्तरांना नमस्कार केला, मग माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. पोर म्हणत होती, मी बाईंना लिहू नका म्हणून सांगितलं होतं, शपथ घातली होती. पोरीने जमिनीवर तोंड उघडलं की काय, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. ती पाण्यात उभी राहिली होती हे तिने सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की आपली पोर खरं बोलते की नाही.

‘बाई, एकच इचारतो,’ ते म्हणाले. ‘ह्या लिवू नका, असं बोलली होती ती?’

एका शब्दाचं उत्तर होतं. मथी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही हो — वर्गात उत्तर सांगायला मी एखाद्याला उभं केलं की बाकीची पोरं जशी त्याच्याकडे बघतात तशी, याला येईल ना, अशी. हेडमास्तरही बघत होते. भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं होतं. मी काय विचार केला? सत्काराचा केला. हेडमास्तरांच्या तोंडाचा केला. बाईंनी पोरीची शपथ मोडली, हे तालुक्याला कळेल, याचा केला. धर्मा तांडेलांचा केला नाही. मथीचा केला नाही.

मी म्हटलं, ‘नाही. तसं काही बोलली नव्हती.’

तांडेलांनी मान हलवली. मास्तरीण खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्यांनी मथीच्या खांद्यावरचा हात काढला. आणि मथी — मी अजून इथे आले की थांबते — मथी हेडमास्तरांकडे बघून, स्पष्ट आवाजात, धडा म्हणावा तशी म्हणाली, ‘मीच सांगाया इसरली, बाबा.’

तिने मला वाचवलं. चौदा वर्षांची मुलगी. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, मला खोटं पाडेल, आणि मी त्यासाठी पुढचं वाक्यही तयार ठेवलं होतं. ते वाक्य मला आठवतं. ‘मुलांना कल्पना करायची सवय असते.’ ते वापरायची वेळ तिने माझ्यावर येऊ दिली नाही.

तांडेलांनी तिला पुन्हा होडीत घेतलं नाही. जिच्या शब्दाचा भरवसा नाही तिच्या डोळ्यांवर होडी कशी हाकायची? आणि तिच्या डोळ्यांशिवाय त्यांना ते खडपच काय, नवं खडपही मिळणार नव्हतं. पुढच्या मोसमात ते दुसऱ्याच्या होडीवर गडी म्हणून जाऊ लागले. ज्याच्या नावापुढे तांडेल लागायचं तो माणूस जाळी झटकत आणि टोपल्या उचलत असे. मी ते पाहिलं. किनारा शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता, न पाहून जाणार कुठे? मथीची शाळा सुटली. सातवीच्या परीक्षेला तिचा नंबर रिकामा राहिला. पालघरच्या हायस्कुलाचं मी पुन्हा काढलं नाही. तिच्या घरी जाऊन ते काढायचं तर आधी दुसरं काहीतरी बोलावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मला माहीत होतं, आणि मी ती घट्ट धरून ठेवली.

सत्काराला मी गेले. नारळ घेतला, शाल घेतली. भाषणात म्हटलं, या समुद्राने मला पुष्कळ दिलं.

वर्षभरात मी बदली मागून घेतली. मग पुस्तकावर पुस्तक. त्यातलं समुद्राचं जे जे बरं आहे ते मथीने त्या तीन महिन्यांत सांगितलेलंच, थोडं थोडं करून पुरवलेलं. वाचकांची पत्रं येतात. मुलं एकच प्रश्न हटकून विचारतात, बाई, अशी जागा खरंच आहे का हो? मी प्रत्येकाला स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहिते. नाही बाळा, ती माझी कल्पना.

मथी मला एकदाच भेटली. त्या दशकाच्या अखेरीस. तारापूरचं काम जोरात चाललं होतं, बोईसरच्या बाजारात जिकडेतिकडे हिंदी ऐकू येत होतं. मी स्टेशनवर जात होते. ती रस्त्याच्या कडेला मासळीची पाटी घेऊन बसली होती आणि कामावरच्या माणसांशी झकास हिंदीत घासाघीस करत होती. मी पुढे निघून जाणार होते — हेही सांगून टाकते. तिनेच हाक मारली. बसायला गोणपाट सरकवलं. तिचं लग्न झालं होतं. बाबा आता किनाऱ्यावर बसून जाळी शिवतात म्हणाली, बोटांनी सगळं दिसतं त्यांना. तुमचं पुस्तक बाजारात एका पोराच्या हातात बघितलं, असंही म्हणाली. आवाजात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडला असता तर बरं झालं असतं. नवं काही लिहिता का, तिने विचारलं. मी म्हटलं, लिहिते. समुद्राचंच? मी म्हटलं, हो.

ती मासळीवर पाणी शिंपडत होती. ‘ह्या वेळेस कोनी सांगितलं, बाई?’

समोर गिऱ्हाईक आलं. मी गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गाडीला अजून पाऊण तास होता.

पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःची एक समजूत घातली. तिकडे बांधकाम झालं, मोठी चिमणी उभी राहिली, रस्ते झाले, जवळच्या खुणांपैकी एक तर तोडलीच गेली. म्हणजे मी लिहिलं नसतं तरी त्या खुणा चार-सहा वर्षांत गेल्याच असत्या, नाही का? युक्तिवाद चांगला आहे. त्यात एकच खोट आहे. तांडेलांचं खडप जायचं ते गेलं असतं, पण त्यांची पोर गेली नसती. बापलेकीने होडीत बसून त्या चिमणीच्याच नव्या खुणा लावल्या असत्या.

धर्मा तांडेल वारल्याचं मला उशिरा कळलं. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की मुलीने आपल्याला फसवलं. मथीने पुढे त्यांना खरं सांगितलं असेल का? मला नाही वाटत. एकदा ‘इसरली’ म्हटल्यावर ती शब्द फिरवणारी नव्हती. खरं सांगायचं काम माझं होतं. तारापूरची बस होती, पत्ता माहीत होता, आणि त्या माणसाला पत्र वाचून दाखवायला घरात माझीच विद्यार्थिनी होती.

प्रत्येक आवृत्तीच्या वेळी प्रकाशक विचारतात, बाई, काही दुरुस्त्या? चार ओळी आहेत. पाच मिनिटांचं काम. बोईसरहून परतल्यावर दोन महिन्यांनी नवी आवृत्ती निघाली, तेव्हाही विचारलं होतं. मी लिहिलं, काही नाही. कारण तोच प्रसंग लोकांना आवडतो. तोच शाळांत मोठ्याने वाचून दाखवतात. त्या ओळी अजून तशाच आहेत.

तर धर्मा तांडेल, तुम्ही त्या दुपारी जे विचारलंत त्याचं उत्तर ‘हो’ असं होतं. बोलली होती. दोनदा बोलली होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून बोलली होती.